टीव्हीच्या पाठीचा कान

आमच्या भोपाळच्या घरातला टीव्ही स्मार्ट नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर कोणीतरी विचारतंच, "म्हणजे स्मार्टच ना?" नाही. त्याच्यावर यूट्यूब नाही, कुठलंही ॲप नाही, रिमोटला माईक नाही. साधा ३२ इंची एलसीडी, २०१२ च्या दिवाळीत आजोबांनी न्यू मार्केटमधून आणलेला. पण त्याच्या पाठीमागे, एचडीएमआयच्या शेजारी, एक चौकोनी भोक आहे आणि त्याच्याखाली तीन अक्षरी शब्द छापलाय : लॅन. म्हणजे इंटरनेटची तार लावायची जागा.

ज्या टीव्हीला इंटरनेटवरचं काहीच दाखवता येत नाही, त्याला ही जागा कशाला?

आमच्या घरात या प्रश्नाची चार उत्तरं होती. आजोबांचं उत्तर : "असू दे, पुढेमागे लागेल." आजोबा सरकारी नोकरीतले, त्यांनी आयुष्यभर सुतळीसुद्धा गुंडाळून ठेवली. बाबांचं उत्तर : "कंपनीवाले उगाच भाव वाढवायला काहीतरी लावतात." ब्रॉडबँड बसवायला आलेल्या मुलाचं उत्तर : "माताजी, ये काम नहीं करेगा, ये टीव्ही स्मार्ट नहीं है." आणि आजीला ती टेलिफोनची जागा वाटली. तिच्या मते टीव्हीला पाठीमागे कान दिलाय, तर तो ऐकायलाच दिला असणार.

चौघांत आजी सगळ्यात जवळ होती, हे मला बरंच नंतर कळलं.

आधी घराबद्दल थोडं. १९५६ मध्ये राज्यं भाषेप्रमाणे नव्यानं मांडली गेली तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. विदर्भ मुंबई राज्यात गेला, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि नागपूरच्या सरकारी कचेऱ्यांतली कितीतरी माणसं फायलींबरोबर भोपाळला आली. आमचे आजोबा त्यांतलेच, वय बावीस, कारकून. टी. टी. नगरात क्वार्टर मिळालं. टी. टी. म्हणजे तात्या टोपे, त्यामुळे पत्ता तरी मराठी होता, असं ते म्हणायचे. पुढे स्वतःचं घर झालं, मुलं हिंदी शाळांत शिकली, आणि आज आमच्या घरात भाजीवाल्याशी हिंदी, बाबांच्या ऑफिसच्या फोनवर हिंदी, माझ्या आणि दादाच्या भांडणातही निम्मी हिंदी. संपूर्ण मराठी फक्त आजी-आजोबांच्या आपसातल्या बोलण्यात उरली होती. २०१८ मध्ये आजोबा गेले. त्यानंतर आजीशी दिवसभर मराठीत बोलणारं घरात कोण, तर टीव्ही.

आणि तोही लवकरच हिंदी झाला. २०१३ मध्ये केबलचं डिजिटायझेशन आलं. दुसऱ्या टप्प्यातल्या ३८ शहरांत भोपाळ होतं, ३१ मार्च ही मुदत होती. तेव्हापासून सेट टॉप बॉक्सशिवाय चित्र नाही. मग फेब्रुवारी २०१९ मध्ये ट्रायचे नवे दर लागू झाले : १०० चॅनेलांसाठी १३० रुपये आणि वर कर, पैशांचे चॅनेल निवडून वेगळे घ्यायचे. नियम ग्राहकाच्या भल्याचा होता. पण आमच्या केबलवाल्यानं सगळ्या गल्लीला एकच तयार पॅक लावून दिला आणि त्यात मराठी काही नव्हतं. बाबांनी दोनदा फोन केला. "हो जाएगा सर" असं उत्तर आलं. झालं नाही. आजी काही बोलली नाही. ती संध्याकाळी टीव्हीसमोर बसायची, हिंदी मालिका बघायची आणि मधेच पात्रांना मराठीत उत्तरं द्यायची.

२०२० मध्ये माझी शाळा मोबाईलवर आली म्हणून घरात फायबर घेतलं. राउटर नेमका टीव्हीच्या वरच्या फळीवर बसला. बॉक्समध्ये एक लॅन केबल जास्तीची होती. मी ती टीव्हीच्या त्या भोकात खुपसली. खट्ट करून बसली. टीव्हीच्या मेनूत 'नेटवर्क' नावाचा कोपरा होता, तिथे गेले तर टीव्हीला चक्क आयपी ॲड्रेस मिळाला होता. म्हणजे राउटरनं या म्हाताऱ्याला घरातला एक सभासद म्हणून नोंदवून घेतलं होतं. पण पुढे काय? टीव्ही जोडला गेला आणि गप्प बसला.

मग मी शोध घ्यायला लागले. पहिला पुरावा टीव्हीच्याच पोटात सापडला. मेनूची भाषा निवडायची यादी उघडली तर त्यात पोलिश, चेक, हंगेरियन, ग्रीक. मराठी नाही. चॅनेल शोधायला 'देश' निवडा म्हटलं की जर्मनी, स्वीडन, फिनलंड. भोपाळच्या दुकानातून आणलेल्या टीव्हीला फिनलंड माहीत होतं!

दुसरा पुरावा तुमच्याही घरात असेल. टीव्हीच्या रिमोटवर लाल, हिरवं, पिवळं, निळं अशी चार बटणं असतात. ती कधी दाबलीत? बहुतेकांनी आयुष्यात दाबली नसतील. ती मुळात टेलिटेक्स्टसाठी होती. टीव्हीच्या लहरींबरोबर बातम्या, हवामान, रेल्वेच्या वेळा अशी अक्षरांची पानं पाठवायची ही पद्धत बीबीसीनं १९७४ मध्ये 'सीफॅक्स' नावानं सुरू केली आणि ती २०१२ पर्यंत चालली. त्या पानांवर उड्या मारायला चार रंग. पुढे युरोपात त्याच लाल बटणावर नवी सोय आली : कार्यक्रम चालू असताना बटण दाबलं की त्याला जोडलेली जास्तीची माहिती, चुकलेला भाग, हे सगळं इंटरनेटवरून यायचं. जर्मनी, फ्रान्समध्ये त्या मानकाचं नाव एचबीबीटीव्ही. ब्रिटनमध्ये २०१० मध्ये 'फ्रीव्ह्यू एचडी' आलं तेव्हा तो शिक्का हवा असलेल्या टीव्हीला नेटवर्कची जागा असणं गरजेचं होतं. टीव्ही कितीही साधा असला तरी. म्हणजे तिथे लॅनचं भोक हे स्मार्टपणाचं लक्षण नव्हतंच, ते ॲन्टेनाच्या भोकासारखं प्रसारणाचाच भाग होतं.

मग ते भोपाळला कसं आलं? कारण टीव्ही आपल्यासाठी वेगळा बनत नाही. टीव्हीच्या आत एक मुख्य चिप असते. चित्र, आवाज, मेनू, यूएसबी, नेटवर्क, सगळं तिच्यातच. अशा चिप बनवणाऱ्या कंपन्या जगात मोजक्या. चिप ज्या हिरव्या पट्टीवर बसते तो बोर्डही अनेक मॉडेलांना सामाईक असतो. एका देशासाठी लॅनचा सांधा गाळून वेगळा बोर्ड काढायचा तर वेगळा आराखडा, वेगळी चाचणी, वेगळा साठा. त्यापेक्षा आहे तो बोर्ड सगळीकडे लावणं स्वस्त. तयार कपड्यांच्या दुकानातल्या शर्टाला खिसा असतो तसंच. तुम्ही पेन लावा न लावा, शिंप्यानं हजार शर्टांना शिवलाय.

आणखी एक कारण दुरुस्तीचं. आमच्या टीव्हीच्या माहितीपुस्तकाची शेवटची पानं बारीक अक्षरातल्या परवान्यांनी भरलीत आणि त्यात लिनक्सचं नाव आहे. म्हणजे हा साधा टीव्हीसुद्धा आतून एक छोटा संगणकच आहे, आणि संगणक म्हटला की त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चुका निघतात, सुधारणा येतात. त्या आणायचा एक रस्ता म्हणजे ही तार.

पण माझ्या कामाचं कारण तिसरंच निघालं. २००३ मध्ये सोनी, इंटेल, मायक्रोसॉफ्ट वगैरे कंपन्यांनी मिळून एक संस्था काढली, पुढे तिचं नाव डीएलएनए झालं. कल्पना साधी होती : घरातल्या संगणकात फोटो, गाणी, व्हिडिओ साठत चाललेत, ते घरातल्याच टीव्हीवर दिसावेत. टीव्हीनं संगणकाला विचारायचं, "तुझ्याकडे काय आहे?" संगणकानं यादी पुढे करायची. यात इंटरनेट लागतच नाही! बाहेरची लाईन बंद असली तरी चालतं. राउटर फक्त घरातल्या घरात निरोप पोचवतो.

इथे माझ्या डोक्यातली गाठ सुटली. आपण 'नेट' या एका शब्दात दोन गोष्टी कोंबतो. एक जाळं जगाचं, एक जाळं घरातलं. त्या भोकाला आम्ही सगळे जगाच्या जाळ्याची खिडकी समजत होतो. ते घरातल्या माणसांचं ऐकायला दिलेला कान होतं.

मग बाबा आणि मी बसलो. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज होतं, त्यात मीडिया वाटून देण्याची सोय चालू केली, एक फोल्डर ठरवलं. टीव्हीच्या सोर्स यादीत आमच्या कॉम्प्युटरचं नाव उमटलं तेव्हा बाबा, ज्यांच्या मते ते भोक उगाच होतं, खुर्चीतून उठून उभे राहिले.

फोल्डरमध्ये काय टाकायचं हे आम्हाला वेगळं ठरवावं लागलं नाही. कपाटात तीन व्हिडिओ कॅसेट होत्या. व्हीसीआर केव्हाच बिघडला होता, त्यामुळे वीस वर्षांत त्या कोणी पाहिल्या नव्हत्या. एक आई-बाबांच्या लग्नाची, एक माझ्या आत्याच्या डोहाळजेवणाची आणि एक भोपाळच्या गणेशोत्सवातल्या एकांकिकेची, जिच्यात आजोबा खडूस घरमालक झाले होते. जहांगीराबादच्या एका स्टुडिओवाल्यानं त्या कॅसेट डिजिटल करून दिल्या. तिसरीला बुरशी लागली होती, तिचा जेमतेम अर्धा भाग निघाला.

पहिल्या दिवशी टीव्हीनं फाईल नाकारली. 'फॉरमॅट चालत नाही.' २०१२ च्या चिपला २०१२ पर्यंतच्याच व्हिडिओच्या भाषा येतात. मग एच २६४ मध्ये बदलून दिली, तेव्हा चालली. फाईलचं नाव मी हौसेनं देवनागरीत दिलं होतं, टीव्हीवर त्याच्या जागी नुसते चौकोन आले. फिनलंड माहीत असलेल्या टीव्हीला आमची अक्षरं माहीत नव्हती. नावं रोमनमध्ये लिहावी लागली. आजीला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून पुढे आकडे दिले : एक म्हणजे लग्न, दोन म्हणजे डोहाळजेवण, तीन म्हणजे आजोबा.

आजीनं तीन नंबर लावला. आजोबा स्टेजवर आले, छत्री आपटली आणि भाडेकरूला ओरडायला लागले. आवाज थोडा कापरा येत होता, चित्रावर पांढऱ्या रेघा. मी आजीकडे बघत होते. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "हे वाक्य चुकले होते ते. मी आतून सांगून राहिले होते, तर ऐकतील तेव्हा ना!" विंगेत प्रॉम्प्टिंगला आजीच बसली होती, हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. त्या रात्री ती दोन तास बोलली. कोणी कोणाचं पातळ नेसलं होतं, पडदा कोणाच्या घरचा होता, तबलजी कसा ऐनवेळी नागपूरला निघून गेला होता. इतकी मराठी आमच्या घरात आजोबा गेल्यापासून ऐकू आली नव्हती.

तेव्हापासून फोल्डर वाढत चाललंय. नागपूरची मावशी फोनवर ओव्या म्हणून पाठवते. आत्या तिच्या अंगणातला पारिजातक दाखवत काहीबाही बोलते. मी मुंबईला शिकायला आल्यापासून दर रविवारी एक व्हिडिओ पाठवते, बाबा तो फोल्डरमध्ये टाकतात. आपल्या मंडळाच्या कवितावाचनाचं मागच्या वेळचं रेकॉर्डिंग पंचेचाळिसाव्या नंबरवर आहे. ज्यांनी मुक्तछंदातल्या कविता वाचल्या त्यांच्यासाठी निरोप : आजी म्हणते, पोरं छान आहेत, पण गात का नाहीत?

हे सगळं व्हॉट्सॲपवरही बघता आलं असतं, असं मला इथे एकानं म्हटलं. आलं असतं. पण पंच्याऐंशीच्या घरातली आजी फोनचा पडदा डोळ्यांजवळ धरून बघते आणि बोट लागून ते दर वेळी बंद होतं. टीव्ही भिंतीशी असतो. त्याच्यासमोर दुसऱ्याला बसायला जागा असते. बघताना बोलता येतं.

आता खरी अडचण. या दिवाळीला एका दुकानाची एक्स्चेंज ऑफर आहे. जुना टीव्ही द्या, नव्या स्मार्ट टीव्हीवर सूट घ्या. बाबांचं मन झालंय आणि त्यांचं चूक नाही. नव्या टीव्हीवर मराठी चॅनेलांची ॲप आहेत, नाटकं आहेत, आजीला हवं ते सगळं आहे. डीएलएनएसारखी सोयही बहुतेक नव्या टीव्हीत मिळते. मग जुन्याचा हट्ट कशाला?

मी बाबांना दोन गोष्टी सांगितल्या. एक इंदूरच्या आत्याची. तिनंही २०१२ मध्येच टीव्ही घेतला, स्मार्ट, आमच्यापेक्षा बराच महाग. २०१५ मध्ये यूट्यूबनं जुनी पद्धत बंद केली आणि २०१२ पर्यंतच्या असंख्य टीव्हींवरचं त्याचं ॲप बंद पडलं. डिसेंबर २०१९ मध्ये नेटफ्लिक्सनं काही जुन्या टीव्हींचा हात सोडला. आत्याच्या पडद्यावर यूट्यूबचं चिन्ह अजून आहे, उघडत नाही. तिचा टीव्ही स्मार्ट होता म्हणजे दुसऱ्यांच्या शहाणपणावर चालत होता. त्यांनी ते काढून घेतलं, आणि तो आमच्याइतकाच साधा झाला. आमच्या टीव्हीकडे काढून घेण्यासारखं काही नव्हतं. डीएलएनए ही संस्था तर २०१७ मध्ये काम संपलं म्हणून बंदही झाली, पण आमचं तीन नंबर चालू आहे, कारण ते कोणाच्या परवानगीनं चालतच नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. तिथे २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीवर सरकारी आयोगानं ठपका ठेवला की सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर लोक क्षणोक्षणी काय बघतात हे ती त्यांना न विचारता गोळा करत होती. कंपनीनं २२ लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. आजी काय बघते, कुठे थांबवते, कोणाला पुन्हा पुन्हा लावते, हे आमच्या खोलीबाहेर कोणाला कळायचं कारण नाही.

बाबा म्हणाले, "म्हणजे अडाणी टीव्हीच बरा?" तसंही नाही. शहाणपण टीव्हीच्या आतच असायला हवं असं नाही, एवढंच माझं म्हणणं. आमच्याच राज्यात याचा फार मोठा प्रयोग होऊन गेलाय. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६, 'साइट' नावाचा. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह वर्षभर उसना घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत टीव्ही पोचवला गेला. त्यांत तेव्हाचा मध्य प्रदेशही होता, म्हणजे आजच्या छत्तीसगढमधली गावं. गावकऱ्यांच्या समोर टीव्ही साधाच होता. उपग्रहाचं बोलणं त्याला समजावून सांगणारी जोडणी वेगळी, आणि बाहेर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटी छत्री. रस्ता नसलेल्या गावांत शेती, आरोग्य, शाळा यांचे कार्यक्रम थेट आकाशातून उतरले. वर्ष संपलं आणि ठरल्याप्रमाणे उपग्रह परत गेला. जोडून देणारा कोण आहे आणि तो किती दिवस राहणार, हा प्रश्न तेव्हाही होता. आज तो प्रत्येक स्मार्ट टीव्हीच्या पोटात बसलाय, फक्त कोणी तारीख सांगत नाही.

शेवटी घरात तह झाला. नवा टीव्ही येईल, हॉलमध्ये बसेल, आई-बाबांना जे बघायचं ते बघतील. आजीही नाटकं तिथेच बघेल, ती काही नव्याची वैरी नाही. ऑफरचा हप्ता मात्र जुना टीव्ही न देता भरायचा. तो आजीच्या खोलीत जाईल. मधे एक भिंत आणि देवघर आहे, म्हणून बाबांनी वीस मीटर लॅन केबल आणलीय. मी दिवाळीला घरी गेले की ती चौकटीच्या कडेकडेनं खिळवायचीय.

तुम्ही सुट्टीत घरी जाल तेव्हा एकदा टीव्ही पुढे ओढून त्याची पाठ बघा. कदाचित तसंच भोक असेल, धूळ भरलेलं, तेरा-चौदा वर्षं कोणी काही न ऐकवलेलं. आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात कॅसेट असतील तर आधी त्या उतरवा. टीव्ही थांबू शकतो, बुरशी थांबत नाही. आमचा अर्धा घरमालक तिनं नेलाच आहे. त्याचे पुढचे संवाद आता फक्त आजीला पाठ आहेत, ते मी दिवाळीत लिहून घेणार आहे.